लाला हरदयाळ : माघार घेतलेल्या क्रांतिकारकाचं काय करायचं?

मंदार_वाचतो

अमेरिकेतल्या हिंदी मजुरांनी आणि विद्यार्थ्यांनी इंग्रज राज उलथवायला उभारलेल्या गदर चळवळीवर मराठीत जे थोडंफार वाचायला मिळतं त्यात लाला हरदयाळ एका परिच्छेदात येतात आणि पुढच्या परिच्छेदात गायब होतात. १९१३ साली सॅन फ्रान्सिस्कोत 'गदर' हे वर्तमानपत्र निघालं, हरदयाळ त्याचे कर्ते संपादक, १९१४ ला अटक, जामीन, पलायन, विषय संपला. त्यानंतर हा माणूस पंचवीस वर्षं जगला, लिहीत राहिला, बोलत राहिला. पण त्या काळात त्यांनी असं काही लिहिलं की पुढे कुणालाच त्यांना जवळ करावंसं वाटलं नाही.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. १८८४ चा जन्म, दिल्लीचं कायस्थ घर. सेंट स्टीफन्स, मग लाहोर. बुद्धी इतकी तल्लख की १९०५ साली सरकारने वर्षाला २०० पौंडांची शिष्यवृत्ती देऊन ऑक्सफर्डला धाडलं. १९०७ साली त्यांनी ती सोडली, परक्या सरकारचा पैसा नको म्हणून. १९०८ ला परत आले आणि त्याच वर्षी देश सोडला तो कायमचा. पॅरिसमध्ये मादाम कामांच्या 'वंदे मातरम्'चं संपादन. मग अल्जीरिया, मग कॅरिबियन समुद्रातलं मार्टिनिक. तिथे ते बुद्धासारखा नवा धर्म काढायच्या विचारात एकटे राहत होते, तेव्हा भाई परमानंद त्यांना भेटले आणि अमेरिकेत जायला राजी केलं. १९१२ साली स्टॅनफर्डमध्ये भारतीय तत्त्वज्ञान शिकवलं, अराजकवाद्यांशी संबंधांचा गाजावाजा झाल्यावर ती जागाही सोडली. १९१३ ला गदर. १९१४ च्या मार्चमध्ये अटक. तिथून स्वित्झर्लंड, मग युद्धकाळात बर्लिन आणि कॉन्स्टँटिनोपल.

आणि मग १९१९ चा मार्च. स्वीडनमधून इंग्लंडच्या वर्तमानपत्रांसाठी पत्र: आपली मतं बदलली आहेत, हिंदुस्थानने साम्राज्यातच राहून टप्प्याटप्प्याने स्वराज्य घ्यावं. पुढच्या वर्षी लंडनला जर्मनी आणि तुर्कस्तानातल्या ४४ महिन्यांवरचं पुस्तक निघालं, त्यातही हाच सूर, शिवाय बर्लिनमधल्या सहकाऱ्यांवर कडक टीका.

माझं मत आधीच सांगतो. मला हा माणूस महत्त्वाचा वाटतो आणि त्याला वगळणं चूक वाटतं. तुम्हाला काय वाटतं? १९१९ च्या पत्राने आधीची बारा वर्षं पुसली जातात का?

निखारा

पुसली जातात. 'गदर' वाचून जे परत आले आणि फासावर गेले त्यांच्या बाजूला उभं राहून हे पत्र वाचा, मग सांगा.

सुलभा_क

मंदार, चांगला विषय काढलास. निखारा यांच्या मुद्द्याकडे येईन, पण आधी 'गदर' काय होतं ते नीट समोर ठेवू या. नाहीतर हरदयाळ म्हणजे एक चंचल विद्वान एवढंच चित्र उरेल.

पहिला अंक उर्दूत, १ नोव्हेंबर १९१३. नावाखालीच 'अंग्रेजी राज का दुश्मन'. आणि आत 'अंग्रेजी राज का कच्चा चिट्ठा', चौदा कलमांचा. हा मजकूर जमाखर्चासारखा आहे. दरवर्षी किती पैसा बाहेर जातो, शेतसारा किती, शिक्षणावर खर्च किती आणि लष्करावर किती, दुष्काळात आणि प्लेगात माणसं किती मेली. शेवटाकडे येता येता हिशोब कुठे जातो पाहा: ब्रिटिश मुलखात लोक २४ कोटी, संस्थानांत ७ कोटी, आणि त्यांच्यावर गोरे अधिकारी व शिपाई ८० हजारसुद्धा नाहीत. आणि सत्तावन्नला छप्पन्न वर्षं झाली, आता दुसऱ्याची वेळ आली.

वाचणारे होते ऑरेगनच्या लाकूड गिरण्यांतले आणि कॅलिफोर्नियाच्या शेतांवरचे मजूर. बरेचसे पंजाबी शीख, त्यातले कित्येक फौजेतून निवृत्त झालेले. त्यांना तत्त्वज्ञान सांगून उपयोग नव्हता. कितीजण कितीजणांवर राज्य करतात, हा आकडा फौजी माणसाला बरोबर कळतो. ऑक्सफर्डला संस्कृत शिकलेल्या माणसाने मजुरांच्या भाषेत असं लिहावं, हे मला फार मोठं वाटतं. मार्क्सवर 'मॉडर्न रिव्ह्यू'त लेख लिहून त्याला आधुनिक ऋषी म्हणणारे हेच हरदयाळ, १९१२ साली. म्हणजे एकाच माणसाचे दोन हात, एक कलकत्त्याच्या वाचकासाठी आणि एक ऑरेगनमधल्या अ‍ॅस्टोरियाच्या गिरणीकामगारासाठी.

पॅसिफिक_किनारा

मी या भागात बरीच वर्षं आहे म्हणून लिहितो. 'गदर'चा पहिला पत्ता ४३६ हिल स्ट्रीट, सॅन फ्रान्सिस्को. त्याला युगांतर आश्रम म्हणत. आता ती साधी राहती गल्ली आहे, इथे काय घडलं ते शेजाऱ्यालाही माहीत नसावं. नंतरची जागा ५ वुड स्ट्रीट, तिथे आज गदर स्मारक आहे. मी गेलो तेव्हा आत दुसरं कुणी नव्हतं. भिंतीवर फोटो. कर्तारसिंग सराभाच्या फोटोसमोर बराच वेळ उभा राहिलो. बर्कलीत शिकायला आलेला पोरगा, हातछपाईचं यंत्र चालवायचा, फाशी गेला तेव्हा वय १९.

सुलभाताई, एक पुरवणी. मजूर फक्त वाचक नव्हते, पैसाही त्यांचाच. बटाट्याच्या शेतीत पैसा केलेल्या ज्वालासिंगांनी १९१२ साली गुरू गोविंदसिंगांच्या नावाने बर्कलीत शिष्यवृत्त्या ठेवल्या, त्यामागे हरदयाळांची प्रेरणा होती. स्वतः सरकारी शिष्यवृत्ती सोडून आलेला माणूस मजुरांच्या घामाच्या पैशातून दुसऱ्या पोरांना शिष्यवृत्त्या मिळवून देतो. संघटनेचे अध्यक्ष सोहनसिंग भकना, गिरणीतले कामगार. हरदयाळ सरचिटणीस. जातीचा, शिक्षणाचा, भाषेचा एवढा फरक असलेली माणसं एका टेबलाशी बसली, हे तेव्हा हिंदुस्थानातही सोपं नव्हतं.

शिरूरकर

धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडचा माणूस यात आहे आणि अजून कुणी नाव घेतलं नाही. विष्णू गणेश पिंगळे, तळेगाव ढमढेरे. इंजिनियरिंग शिकायला अमेरिकेत गेले, गदरात आले, १९१४ च्या नोव्हेंबरात कर्तारसिंगांबरोबर परत फिरले. २१ फेब्रुवारी १९१५ चा उठाव फितुरीमुळे १९ वर आणला, तोही फुटला. सगळे पांगले. पिंगळे पांगले नाहीत. मार्चमध्ये मेरठच्या घोडदळाच्या छावणीत बॉम्बसकट पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला फाशी, कर्तारसिंग आणि आणखी पाचजणांबरोबर.

आता सांगा, ज्याने लिहून लिहून ही आग लावली तो १९१९ ला म्हणतो साम्राज्यात राहा. मी निखारा यांच्या बाजूने.

गोदाकाठ

शिरूरकर, पिंगळ्यांसमोर मान खाली. पण एक हिशोब चुकतोय. हरदयाळ १९१४ च्या वसंतातच अमेरिकेतून बाहेर पडले. युद्ध सुरू झालं ऑगस्टमध्ये. 'चला, परत चला' ही हाक त्यानंतरची, तेव्हा 'गदर'चं संपादन रामचंद्रांच्या हाती होतं. पिंगळ्यांना जहाजावर चढवणारे हरदयाळ नव्हते.

(आणि ऑक्सफर्ड सोडलं, स्टॅनफर्ड सोडलं, अमेरिका सोडली, बर्लिन सोडलं... आमच्या घरी एक नोकरी सोडली तर मामा-मावश्यांची बैठक बसते. यांच्या सासरच्यांचं काय झालं असेल!)

शिरूरकर

हाक कुणी दिली हा तांत्रिक मुद्दा झाला. शूर शिपाई पाहिजेत, पगार मृत्यू, बक्षीस हौतात्म्य, पेन्शन स्वातंत्र्य, कामाची जागा हिंदुस्थान. ही जाहिरात कुणाच्या पत्रात आली? ज्याने ते पत्र सुरू केलं त्याच्याच ना? पगार पिंगळ्यांनी घेतला.

अश्विनी_दे

गोदाकाठ, सासरच्यांचं काय झालं ते विनोदात गेलं, पण मला तिथेच थांबायचंय.

त्यांच्या पत्नी सुंदर राणी. हरदयाळ त्यांना ऑक्सफर्डला घेऊन गेले होते. शिष्यवृत्ती सोडल्यावर दोघं परत आले. १९०८ साली हरदयाळ पुन्हा निघाले, त्याच वर्षी मुलगी झाली, शांती. त्या मुलीला बापाने कधी पाहिलं नाही. सुंदर राणींना नवरा पुन्हा दिसला नाही. नंतर स्वीडनमध्ये आगदा एरिकसन त्यांच्या आयुष्यात आल्या, १९२७ पासून दोघं लंडनजवळ एजवेअरला राहिले.

क्रांतिकारकाच्या घरच्यांनी सोसलं असं आपण एका वाक्यात म्हणतो आणि पुढे जातो. इथे तीस वर्षं एक बाई नवरा असून नसल्यासारखी जगली, एक मुलगी बापाची अक्षरं वाचून मोठी झाली. तो माणूस तुरुंगात नव्हता. अंदमानात नव्हता. माघार घेतल्यानंतर तर तो इंग्रजांचा शत्रूही उरला नव्हता. मला त्यांच्या १९१९ च्या पत्रापेक्षा याचा जास्त राग येतो.

पॅसिफिक_किनारा

अश्विनी, राग समजतो. पण 'तुरुंगात नव्हता' याला एक पुस्ती जोडतो. परत यायची परवानगी त्यांना नव्हती. माघार घेऊनही इंग्लंडमध्ये पाऊल ठेवू दिलं १९२७ ला, आणि हिंदुस्थानात यायला हिरवा कंदील मिळाला थेट १९३८ च्या सुमारास, तोही सप्रू, अँड्र्यूज यांच्यासारख्यांनी खटपट केल्यावर. ४ मार्च १९३९ ला फिलाडेल्फियात झोपेतच गेले. म्हणजे परतीचं दार उघडलं आणि माणूस गेला.

अश्विनी_दे

दार बंद असणं वेगळं आणि स्वतः दुसरा संसार मांडणं वेगळं. यावर आपलं जमणार नाही, राहू दे.

इतिहासवेडा

सगळे १९१९ वर अडकलेत. माझ्या मते खरी अडचण १९२५ ची आहे, आणि ती मंदार यांच्या मूळ लेखात नाही.

त्या वर्षी लाहोरच्या 'प्रताप'मध्ये हरदयाळांचं निवेदन छापून आलं. हिंदूंचं आणि पंजाबचं भवितव्य चार गोष्टींवर अवलंबून आहे असं त्यात म्हटलंय: हिंदू संघटन, हिंदू राज, मुसलमानांची शुद्धी, आणि अफगाणिस्तान व सरहद्दीचा मुलूख जिंकून तिथेही शुद्धी. आंबेडकरांनी पाकिस्तानवरच्या आपल्या १९४० च्या ग्रंथात हे निवेदन उद्धृत केलंय, हिंदू बाजूच्या मनात काय चाललंय त्याचा नमुना म्हणून.

आता हे 'गदर'च्या शेजारी ठेवा. 'गदर' उर्दूत निघालं. भोपाळचे मौलवी बरकतुल्ला त्याच चळवळीत होते. धर्मावरून भांडू नका, शत्रू एकच आहे, हा त्या पत्राचा पाया. बारा वर्षांत त्याच माणसाच्या हातून हे निवेदन. साम्राज्याबद्दल मत बदलणं मी समजू शकतो, युद्धात भलेभले बदलले. पण हा बदल मला पचत नाही.

टोकदार

मला पचतो. तुर्कस्तानात काही काळ काढून आलेल्या माणसाला काही अनुभव आले असतील की नाही? पुस्तकात तुर्कांबद्दल लिहिलंच आहे. अनुभवातून मत बनतं.

इतिहासवेडा

कॉन्स्टँटिनोपलच्या मुत्सद्द्यांचा अनुभव आणि लाहोरच्या मुसलमान शेजाऱ्याची शुद्धी, यांचा संबंध काय? इस्तंबूलच्या पाशाने फसवलं म्हणून लुधियानाच्या शेतकऱ्यावर हिशोब चुकता करायचा?

टोकदार

मग विषय निघालाच आहे तर माफीनाम्यांवर बोलू. सावरकरांनी अर्ज केले तर सगळे तुटून पडतात, आणि हरदयाळांच्या पत्राबद्दल कुणाला माहीतही नाही. हा न्याय कुठला?

मंदार_वाचतो

धाग्याची गाडी तिकडे जायच्या आत एवढंच. दोन्ही माणसं लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये, म्हणजे तिथल्या हिंदी क्रांतिकारकांच्या अड्ड्यात, एका काळात होती, तुलना होणारच. पण परिस्थिती सारखी नाही. सावरकरांचे अर्ज काळ्या पाण्यावरच्या कोठडीतून गेले. त्यांचा अर्थ काय लावायचा यावर मतभेद आहेत, आणि त्यासाठी दुसरे भरपूर धागे आहेत. हरदयाळांचं पत्र मोकळ्या माणसाने स्वीडनमधून लिहिलं. त्याने काही पदरात पडलं असंही नाही, आठ वर्षं इंग्लंडचंही दार उघडलं नाही. म्हणून मला वाटतं की त्यांनी लिहिलं ते त्यांना खरंच वाटत होतं. इथे फक्त हरदयाळांवर बोलू.

सुलभा_क

'खरंच वाटत होतं' याच्याशी सहमत, आणि का वाटत होतं तेही पाहायला हवं.

१९१५ च्या सुरुवातीला ते बर्लिनला पोचले ते जर्मनी आपल्याला मदत करेल म्हणून. तिथे दिसलं की जर्मन परराष्ट्र खात्याला हिंदुस्थानाचं स्वातंत्र्य हे इंग्रजांना टोचायचं एक हत्यार होतं, त्यापलीकडे काही नाही. बर्लिनमधले हिंदी क्रांतिकारक वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याशी बिनसलं. कॉन्स्टँटिनोपलला पाठवलं, तिथे तुर्कांशी बिनसलं. मग जर्मनांनी पाळत ठेवली, बाहेर पडायची परवानगी मिळेना. सुटका झाली ती ऑक्टोबर १९१८ मध्ये, युद्ध संपता संपता. दुसऱ्या साम्राज्याच्या आश्रयाने आपलं साम्राज्य उलथवायला गेलेल्या माणसाला साम्राज्य जवळून दिसलं. त्यातून 'कुठलंच साम्राज्य नको' हा निष्कर्ष निघायला हवा होता. त्यांनी 'मग इंग्रजच बरे' हा काढला. तिथे ते घसरले असं मी म्हणेन.

आणि तारखा पाहा. पत्र मार्चमधलं. १३ एप्रिलला जालियनवाला बाग. ज्या पंजाबाने 'गदर' जगवलं त्याच पंजाबात. पत्र लिहिताना पुढचं माहीत नव्हतं, कबूल. पण पुस्तक १९२० चं आहे.

निखारा

हेच मला म्हणायचं होतं. पुस्तक १९२० चं आहे.

वर्ध्याची_वेल

पिंगळ्यांचं नाव आलं तसं आमच्या खानखोज्यांचंही येऊ दे. पांडुरंग सदाशिव खानखोजे, वर्धा. तेही गदरात, तेही देशाबाहेर अडकलेले, त्यांनीही युद्धात इराणमध्ये लढून हार पाहिली, बर्लिनही पाहिलं. पुढे मेक्सिकोला गेले, चापिंगोच्या कृषी शाळेत शिकवलं, मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर काम केलं. दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात काढलं. स्वातंत्र्यानंतर परतले, १९६७ ला नागपूरला गेले.

दोघांचं वय सारखं, दोघंही १८८४ चे. दोघांचा उठाव फसला. एकाने शेतकऱ्याच्या कामाचं काहीतरी हाताने उभं केलं, दुसरा एका विचारातून दुसऱ्या विचारात जात राहिला. खानखोज्यांनी माघारीचं पत्र लिहिलं नाही, कारण त्यांना दर पाच वर्षांनी जगासमोर आपलं नवं तत्त्वज्ञान मांडायची गरज नव्हती. हरदयाळांची अडचण इथे आहे असं मला वाटतं. अराजकवाद असो, साम्राज्य असो, हिंदू संघटन असो, ते जे मानत ते पूर्ण मानत आणि लगेच जाहीर करत.

गोदाकाठ

वर्ध्याची_वेल, सुंदर प्रतिसाद. शेवटचं वाक्य अगदी पटलं.

दिल्लीवाली_मावशी

चांदनी चौकाजवळ हरदयाळांच्या नावाचं म्युनिसिपल वाचनालय आहे, ते कुणी पाहिलंय का? मी दिल्लीत असताना जायचे. लाकडी कपाटं, जुनी पुस्तकं, वर्तमानपत्र वाचायला येणारे म्हातारे. मुद्दा असा की त्या वाचनालयाला आधी लॉर्ड हार्डिंगचं नाव होतं. तोच हार्डिंग, ज्याच्यावर २३ डिसेंबर १९१२ ला चांदनी चौकात हत्तीवर बसून जाताना बॉम्ब पडला. त्या बॉम्बचं कौतुक करणारं पत्रक सॅन फ्रान्सिस्कोहून कुणी काढलं? हरदयाळांनी. आणि त्यांच्या नावाची पाटी हार्डिंगच्या पाटीच्या जागी लागली.

पण शिरूरकरांच्या बाजूनेही एक गोष्ट. त्या बॉम्बच्या खटल्यात मास्टर अमीरचंद, अवधबिहारी, बालमुकुंद आणि बसंतकुमार बिस्वास यांना १९१५ च्या मे महिन्यात फाशी झाली. अमीरचंद हे हरदयाळांचे जुने सोबती. १९०८ ला देश सोडताना आपली दिल्लीतली क्रांतिकारक मंडळी हरदयाळ त्यांच्याच हवाली करून गेले होते. बालमुकुंद भाई परमानंदांचे चुलतभाऊ. आणि स्वतः परमानंद, ज्यांनी मार्टिनिकहून हरदयाळांना उठवून अमेरिकेला धाडलं, त्यांना लाहोरच्या खटल्यात फाशीची शिक्षा झाली, ती बदलून काळं पाणी मिळालं, सुटले १९२० ला. म्हणजे हरदयाळांचं पुस्तक निघालं त्याच वर्षी.

टोकदार

हरदयाळांवर विषप्रयोग झाला होता असं वाचलंय. तब्येत ठणठणीत होती म्हणे.

इतिहासवेडा

त्यांचे दिल्लीचे मित्र हनवंत सहाय यांना तसा संशय होता, तेवढंच. संशय म्हणजे पुरावा नव्हे. ५४ व्या वर्षी माणूस झोपेत जाऊ शकतो. सरकार परत यायची परवानगी देतंय, माणूस साम्राज्याला शरण आलाय, मारून कुणाला काय मिळणार होतं?

आजोबांचं_कपाट

मी इतिहासाची वाचक नाही, पण आमच्या आजोबांकडे हरदयाळांचं आत्मविकासावरचं इंग्रजी पुस्तक होतं, १९३४ चं, 'हिंट्स फॉर सेल्फ कल्चर'. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. चार भाग: बुद्धी, शरीर, सौंदर्यदृष्टी, नीती. विज्ञान का वाचायचं, इतिहास कसा वाचायचा, काय खायचं, शिल्प कसं पाहायचं, आणि शेवटी सगळ्या जगाचं एक राज्य. आजोबा खेड्यातल्या शाळेत मास्तर होते. त्यांनी त्या पुस्तकातून यादी काढून एकेक विषय वाचायला घेतला होता. समासात लिहिलेलं, 'भूगर्भशास्त्र राहिले.'

म्हणजे तुम्ही ज्या काळाला माघार म्हणताय त्याच काळातल्या पुस्तकाने कुठल्यातरी खेड्यातल्या मास्तराला भूगर्भशास्त्राची ओढ लावली. हे कुठल्या खात्यात मांडायचं ते तुम्हीच ठरवा. आजोबांना १९१९ चं पत्र माहीत होतं की नाही, ते विचारायला आता कुणी नाही.

मंदार_वाचतो

काय सुरेख प्रतिसाद. त्यात एवढी भर: १९३० साली लंडन विद्यापीठातून त्यांनी बौद्ध संस्कृत वाङ्मयातल्या बोधिसत्त्व संकल्पनेवर डॉक्टरेट मिळवली, १९३२ ला तो प्रबंध छापून आला, बौद्ध विद्येचे अभ्यासक आजही तो उघडतात. १९३८ ला बारा धर्मांवरचं पुस्तक, आधुनिक माणसाने त्यातून काय घ्यावं म्हणून. मार्टिनिकच्या किनाऱ्यावर जो नवा धर्म शोधत बसला होता, तो धागा त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

इतिहासवेडा, १९२५ चं निवेदन मी वर घ्यायला हवं होतं असं तुम्हाला वाटतंय, ते रास्त आहे. त्या निवेदनाचं समर्थन माझ्याकडे नाही. अश्विनी, सुंदर राणींबद्दलही नाही.

निखारा

मंदार, मग उरलं काय? पत्राचं समर्थन नाही, निवेदनाचं नाही, बायकोमुलीचं नाही. एका पुस्तकाखातर माणसाला वर बसवायचं?

सुलभा_क

वर बसवा असं इथे कुणी म्हणत नाहीये. मूळ प्रश्न 'पुसलं जातं का' असा होता.

माझं उत्तर असं. 'गदर'चा पहिला अंक हाताने छापला गेला आणि मजुरांच्या हातात पडला. ते त्याच क्षणी हरदयाळांचं एकट्याचं राहिलं नाही. पिंगळे, कर्तारसिंग परतले ते हरदयाळांवरच्या भक्तीपोटी नव्हे. त्यांनी कॅनडाच्या आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर काय वागणूक मिळते ते पाहिलं होतं, चौदा कलमं वाचली होती, त्यांना ती पटली होती. हरदयाळांचं मत १९१९ ला बदललं म्हणून शेतसारा कमी झाला नाही आणि प्लेगात मेलेले परत आले नाहीत. त्यांचं पत्र त्यांच्या नावावर मांडा, निवेदनही मांडा, सुंदर राणींचं दुःखही मांडा. पण चौदा कलमं त्यांच्याबरोबर बुडवू नका. शिरूरकर, पिंगळ्यांचा निर्णय हा हरदयाळांनी लावलेल्या आगीचा परिणाम म्हटला, तर आपण पिंगळ्यांना लहान करतो. मेरठच्या छावणीत जाणं हा त्यांचा स्वतःचा निर्णय होता, सगळं फुटल्यावर घेतलेला.

शिरूरकर

सुलभाताई, हे शेवटचं मान्य. पिंगळे कुणाच्या फुंकरीने पेटलेले नव्हते. हरदयाळांबद्दलचं माझं मत तेच राहील.

निखारा

माझंही. पण चौदा कलमं मराठीत कुठे आहेत का? संपूर्ण? मला वाचायची आहेत.

सुलभा_क

सलग मराठीत माझ्या पाहण्यात नाहीत. इंग्रजीवरून करण्यापेक्षा उर्दूवरून करावं. मी भाषांतर करीन, पण माझं उर्दू लिपीवाचन कच्चं आहे. सोबतीला कुणी आहे का?

दिल्लीवाली_मावशी

मी आहे. उर्दू शाळेपासून वाचते. मजकूर मिळाला की पाठव, देवनागरीत उतरवून देते, मग तू मराठी कर. आकडे मात्र जसेच्या तसे ठेव, रुपये आणि माणसं दोन्ही.

पॅसिफिक_किनारा

पुढच्या आठवड्यात वुड स्ट्रीटला जाऊन पहिल्या अंकाची प्रत पाहायला मिळते का ते विचारतो. मिळाली आणि परवानगी असली तर फोटो इथेच टाकतो.